वॉशिंग मशीनचा वॉटर लेव्हल सेन्सर: विकत घेण्याआधी नळी तपासा

टॉप लोड फुली ऑटोमॅटिक मशीनमध्ये पाणी भरतच राहतं, थांबत नाही. किंवा कपडे जेमतेम भिजतील इतक्यावरच थांबतं. किंवा सगळं पाणी निघून गेलं तरी मशीन स्पिनला जात नाही, नुसता ड्रेन चालू ठेवतं. या तिन्ही तक्रारींवर एकच उत्तर ऐकायला मिळतं: ‘लेव्हल सेन्सर गेलाय.’ मग शोध सुरू होतो आणि साधारण २०० ते ५०० रुपयांत एक सुटा भाग समोर येतो. मुठीत मावेल अशी प्लास्टिकची गोल डबी, तीन पिनांचा कनेक्टर, नळी खोचायला एक चोच. डबीवर मशीनच्या कंपनीचं नाव नसतं, फक्त ‘या या मॉडेलला चालेल’ अशी यादी असते. हे परीक्षण याच बिगरब्रँड सेन्सरचं आहे.

वस्तू पैशांच्या मानाने चांगली आहे. पण ती मागवण्याआधी अर्धा तास तपासणीत घालवला, तर पुष्कळदा ती मागवावीच लागत नाही. म्हणून आधी तपासणी, मग वस्तू.

या डबीला पाणी कधी शिवतही नाही, आणि तिथंच सगळी मेख आहे. बाहेरच्या टबाच्या तळाशी एक छोटा कप्पा असतो, त्याला एअर चेंबर म्हणतात. त्याच्या माथ्यावरून बारीक नळी निघते आणि वर कंट्रोल पॅनेलखाली बसवलेल्या सेन्सरपर्यंत जाते. टबात पाणी चढलं की चेंबरमधली हवा कोंडून दाबली जाते आणि तो दाब नळीतून सेन्सरमधल्या रबरी पडद्यावर पोचतो. पडदा सरकला की त्याला जोडलेला फेराइटचा (चुंबकीय पदार्थाचा) तुकडा कॉइलमध्ये पुढेमागे होतो आणि सर्किटची फ्रीक्वेन्सी बदलते. बऱ्याच मशिनांत टब रिकामा असताना ही फ्रीक्वेन्सी २६ किलोहर्ट्झच्या आसपास असते. पाणी चढेल तशी ती उतरत २२-२३ पर्यंत येते. मुख्य बोर्ड पाणी पाहत नाही, फक्त हा आकडा वाचतो.

दाब तरी किती? ३० सेंटिमीटर पाण्याचा दाब ३ किलोपास्कलही भरत नाही. वातावरणाचा दाब १०१ किलोपास्कल धरला, तर त्याच्या जेमतेम तीन टक्के. इतक्या हलक्या दाबावर सगळा हिशेब चालतो. त्यामुळे नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, चोचीवर नळी जराशी सैल झाली किंवा चेंबरच्या तोंडाशी साबणाचा चिकटा बसला, तरी आकडा चुकतो. सेन्सर धडधाकट असतो, त्याच्यापर्यंत दाबच नीट पोचत नाही.

डिस्प्लेवरच्या कोडचा अर्थही नेमका घ्यावा. एलजीच्या मशीनवर ‘पीई’ आला तर लेव्हल सेन्सरच्या वाचनात गडबड आहे, ‘एफई’ म्हणजे पाणी जास्त भरलं, ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही आणि ‘ओई’ म्हणजे जात नाही. सॅमसंगवर ‘१सी’ किंवा ‘१ई’ लेव्हल सेन्सरचा, ‘४सी’ पाणी येण्याचा, ‘५सी’ पाणी जाण्याचा. ‘आयई’ किंवा ‘४सी’ दिसत असताना सेन्सर मागवू नका. आधी नळाचा दाब आणि इनलेट पाइपच्या मशीनकडच्या टोकाची जाळी पाहा. वरच्या मजल्यावर, गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांकडे दाब मुळातच कमी असतो. टँकरच्या पाण्यातली वाळू जाळीत अडकली की धार आणखी बारीक होते. आणि ‘पीई’ किंवा ‘१सी’ आला तरी त्यात नळी, वायर, कनेक्टर आणि बोर्ड हे चौघंही असू शकतात. कोड तक्रार सांगतो, दोषी सांगत नाही.

आता दुसऱ्याच कुणाचा तरी दोष सेन्सरच्या माथी मारला जातो, ते प्रकार.

पाणी थांबतच नसेल तर मशीनचा प्लग काढा आणि नळ चालू ठेवा. तरीही टबात पाणी ठिबकत किंवा वाहत असेल, तर इनलेट व्हॉल्व्हचा पडदा नीट बसत नाही. वीजच नाही म्हटल्यावर सेन्सरचा इथे संबंध उरत नाही. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकणं किंवा क्षार धरणं हे त्याचं कारण. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे हमखास होतं.

भरलेलं पाणी कमी होऊन मशीन पुन्हा पुन्हा भरत असेल, तर कपडे न टाकता मधल्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि आतल्या टबाच्या भोकांच्या किती ओळी बुडाल्या ते मोजा. मशीन पॉजवर किंवा सोकवर ठेवून २० ते ३० मिनिटांनी पुन्हा मोजा. पातळी खरोखर उतरली असेल तर ड्रेन व्हॉल्व्ह गळतोय. त्यात बहुधा केस, धागा, नाणं किंवा बटण अडकलेलं असतं. पण पातळी तितकीच असून मशीन आणखी पाणी घेऊ लागलं, तर कोंडलेली हवा कुठून तरी निसटतेय आणि बोर्डाला पाणी कमी झाल्याचा भास होतोय. साऱ्या तपासणीत ही एकच चाचणी करायची झाली तरी हीच करा. तिला एक रुपयाही लागत नाही आणि ती दोन वेगळे दोष स्वच्छ वेगळे करून दाखवते.

फ्रंट लोडमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. ड्रेन पाइपचं टोक जमिनीलगतच्या मोरीत टाकलेलं असेल, तर पाणी भरतानाच सायफनने निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. हे टोक साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर हवं. आपल्या मशीनच्या पुस्तिकेत दिलेली उंची प्रमाण मानावी.

‘ऑटो’ लेव्हलला पाणी कमी येतं ही तक्रारही सेन्सरवर ढकलली जाते. पाणी घेण्याआधी बरीच टॉप लोड मशिनं तळाची चकती दोन-चारदा कोरडीच फिरवतात आणि मोटरवर पडणाऱ्या भारावरून कपड्यांचा अंदाज घेतात. तो अंदाज मोटरचा असतो. हाताने लेव्हल निवडल्यावर पाणी बरोबर भरत असेल, तर लेव्हल सेन्सर निर्दोष आहे.

एवढं झाल्यावर झाकण उघडा. प्लग आधी काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा, बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरू द्या. बऱ्याच टॉप लोड मशिनांत मागच्या बाजूचे दोन ते चार स्क्रू काढले की वरचं पॅनेल पुढे उचलता येतं. त्याखाली कोपऱ्यात गोल डबी आणि तिला लागलेली काळी किंवा अर्धपारदर्शक नळी दिसते. काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. नळी कुठल्या खोबणीतून, कुठल्या क्लिपमधून गेली आहे ते नंतर आठवत नाही.

नळी सेन्सरकडून खाली टबापर्यंत बोटाने चाचपत जा. स्पिनच्या वेळी टब हलतो आणि नळी पत्र्याच्या कडेला घासते. घासून पातळ झालेली जागा वाकवून पाहिली की चीर उघडी पडते. पावसाळ्यात उंदीर तळाकडून आत शिरतात आणि ही मऊ नळी व वायरी कुरतडतात. तळमजल्यावरच्या घरांत आधी हेच पाहावं. नळीत पाण्याचा थेंब अडकलेला दिसला तर तोही दोषच आहे, कारण तो हवेच्या वाटेत बूच होऊन बसतो. नळी वर चढत जायला हवी, मध्ये झोळ पडलेला चालत नाही.

मग नळी सेन्सरवरून काढून तिच्यात हलकी फुंकर मारा. टबात थोडं पाणी असेल तर बुडबुड्यांचा आवाज यायला हवा. टब रिकामा असेल तर हवा विनाअडथळा जायला हवी. फुंकर अडली तर चेंबरचं तोंड तुंबलं आहे. सेन्सरच्या चोचीत मात्र जोरात फुंकू नका आणि पंप तर मुळीच लावू नका. तीन किलोपास्कलसाठी घडवलेला पडदा सायकलच्या पंपापुढे टिकणार नाही.

तुंबलेलं चेंबर साफ करायला किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं सत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा विरघळवा. सुई नसलेल्या २० किंवा ५० मिलिलिटरच्या सिरिंजने ते नळीतून खाली, टबाच्या दिशेने सोडा. अर्धा तास थांबा, मग साध्या कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा. जोर लावायचा नाही. पिस्टन पुढे सरकतच नसेल तर पुन्हा भिजू द्या. थर जास्त असेल तर टबातच कोमट पाणी भरून १०० ते १५० ग्रॅम सत्त्व टाका, तासभर ठेवा आणि नंतर दोन रिकाम्या फेऱ्या करा. यासोबत ब्लीच किंवा ब्लीच असलेली कुठलीही पावडर कधीही वापरू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बाथरूमच्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. शेवटी नळीतलं पाणी फुंकून पूर्ण काढा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी सेन्सरच्या पाकिटावर कुणी लिहीत नाही. नळी पुन्हा जोडताना टब पूर्ण रिकामा हवा. टबात पाणी असताना नळी जोडली तर चेंबरमध्येही तितकंच पाणी चढलेलं असतं, आतली हवा दाबलेली नसते. त्या पातळीला मशीन ‘रिकामं’ समजतं आणि त्यावर आणखी पाणी भरतं. नवा सेन्सर बसवूनही पाणी जास्त येतं, ही तक्रार या एका चुकीतूनही निघते. अशा वेळी सेन्सर परत पाठवायची घाई करू नका. टब रिकामा करा, नळी काढून पुन्हा लावा आणि पाहा.

नळी चिरली असेल तर सेन्सरऐवजी नळी बदला. मत्स्यालयाची हवेची नळी ४ मिलिमीटर आतून आणि ६ मिलिमीटर बाहेरून असते, आणि ती सगळीकडे मिळते. ती पुष्कळजण वापरतात, पण आधी चोचीचा व्यास मोजा. सैल बसणारी नळी उपयोगाची नाही. पीव्हीसीपेक्षा सिलिकॉनची घ्या. पीव्हीसी काही काळाने कडक होऊन चोचीवरची पकड सोडते. लांबी जुन्याइतकीच ठेवा. टोकाला इन्स्टंट ग्लू लावू नका, त्याने नळी कडक होते आणि पुढच्या वेळी काढताना चोचच तुटते. सीलंट लावायचाच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा टाळा, कारण त्यातलं आम्ल जवळचं तांबं खातं.

कनेक्टर काढून पिना उजेडात पाहा. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या समुद्रालगतच्या भागांत खाऱ्या हवेने तांबं कळंकतं आणि पिनांवर हिरवट पूड दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कनेक्टर चार-पाच वेळा काढून घातला तर पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. वायर कुरतडलेली असेल तर नुसती टेप गुंडाळू नका. सोल्डर करून श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा, कारण तिथली हवा कायम दमट असते.

यानंतर उरतो खुद्द सेन्सर. कॉइलवाल्या प्रकारात दोन टोकांच्या पिनांमध्ये मल्टिमीटरवर साधारण २० ते २५ ओम दिसायला हवेत. मधल्या पिनेपासून कोणत्याही टोकाला सातत्य (सलग जोड) दिसत नाही, कारण वाटेत कपॅसिटर असतात. टोकांमध्ये ‘ओपन’ दाखवलं तर कॉइल तुटली आहे आणि निकाल लागला. पण २२ ओम दिसले म्हणून सेन्सर चांगला ठरत नाही. पडदा फाटलेला असला तरी कॉइल तेवढेच ओम दाखवते. पडदा तपासायचा तर चोचीला हाताएवढी स्वच्छ नळी लावा, तोंडाने अगदी हलका दाब द्या आणि जिभेने टोक बंद करा. जीभ किंचित ढकलल्यासारखी राहिली तर पडदा धरतोय. दाब लगेच विरला तर पडदा गेला.

फ्रीक्वेन्सी मोजायला मशीन चालू ठेवावं लागतं, आणि तिथं घरच्या माणसाने थांबावं असं आमचं स्पष्ट मत आहे. कित्येक मशिनांचे बोर्ड मेन लाइनपासून वेगळे केलेले नसतात. तिथं ५ व्होल्टच्या भागालाही जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टचा झटका असू शकतो. हातात पाण्याचा अंश आणि पायाखाली ओली फरशी असताना हे धाडस नको. काही मशीन टेस्ट मोडमध्ये डिस्प्लेवरच फ्रीक्वेन्सीचे आकडे दाखवतात. ती सोय असेल तर झाकण न उघडताच आकडा मिळतो.

जुन्या मशिनांतला यांत्रिक प्रेशर स्विच वेगळा. त्यात फुंकर मारली की ‘टिक’ आवाज येतो आणि सोडली की पुन्हा ‘टिक’. त्याच्या टोकांवर थेट २३० व्होल्ट खेळतात, आणि हा इलेक्ट्रॉनिक सेन्सर त्याच्या जागी चालत नाही. दिसायला दोन्ही गोल, म्हणून गफलत होते.

आता वस्तूकडे. बिगरब्रँड सेन्सरमधली मोठी अडचण दर्जाची नाही, जुळण्याची आहे. बाहेरून तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या डब्यांत दोन प्रकार असतात. एकात फक्त कॉइल आणि कपॅसिटर, दुसऱ्यात छोटं सर्किट, ज्याला बोर्डाकडून ५ व्होल्ट लागतात. दोघांनाही तीनच वायरी. एकाच्या जागी दुसरा लावला तर कोड तसाच राहतो आणि माणूस बोर्ड बदलायच्या खर्चात पडतो. त्यामुळे मॉडेलच्या यादीवर विसंबू नका. जुन्या सेन्सरवर छापलेला पार्ट नंबर जुळवा आणि नव्याच्या टोकांचे ओम जुन्याशी ताडून पाहा. पुण्यात तापकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या भागात जाणार असाल, तर जुनी डबी खिशात घेऊन जा. फोटो दाखवून आणलेला भाग चोचीच्या दिशेतच चुकतो: एकाची चोच उभी, एकाची आडवी, आणि आडवीला पॅनेलखाली नळी दुमडते.

बसवण्याचे कान, म्हणजे डबी फिरवून अडकवायच्या खाचा, स्वस्त सेन्सरमध्ये कधी जाड तर कधी ठिसूळ निघतात. जोर न लावता कानसीने एक-दोन घासे द्यावेत. चोच जुन्यापेक्षा बारीक असेल तर छोटी स्प्रिंग क्लिप लावा. केबल टाय चालतो, पण ताकदीने आवळला तर प्लास्टिकची चोच चिरते.

डबीच्या माथ्यावर, मधोमध, रंगाने किंवा गोंदाने बुजवलेला एक स्क्रू असतो. त्याला हात लावू नका. कारखान्यात स्प्रिंगचा ताण त्याने ठरवलेला असतो. ‘पाणी थोडं कमी येतंय, स्क्रू पाव फेरी फिरवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. एक पातळी जुळते, पण शून्याचा आकडा सरकतो, आणि मग टब रिकामा झालेला मशीनला कळत नाही. स्पिन अडकतं. विकत घेतलेल्या सेन्सरचं ते सील आधीच फुटलेलं असेल, तर तो भाग कुणीतरी परत केलेला आहे असं समजून नाकारावा.

अचूकतेबद्दल: जुळणारा प्रकार असेल तर बिगरब्रँड सेन्सरवर पाण्याची पातळी मूळ सेन्सरपेक्षा भोकांच्या एखाद-दुसऱ्या ओळीने वरखाली येऊ शकते. टॉप लोडमध्ये एवढा फरक खपून जातो. फ्रंट लोडला आम्ही हा सेन्सर सुचवत नाही. तिथं पाणी मुळातच थोडं असतं आणि त्याच पाण्यात हीटर बुडायचा असतो. पाच-सात मिलिमीटरच्या चुकीनेही हीटर उघडा पडू शकतो. फ्रंट लोडला मूळ कंपनीचाच भाग घ्या, महाग असला तरी.

वॉरंटी चालू असेल तर मशीन उघडूच नका. ग्राहक व्यवहार विभागाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. तिथं आपल्या कंपनीची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची काय माहिती आहे ते पाहून घ्या. सेवा मिळतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

सेन्सर बसवल्यावर कपडे न टाकता चाचणी घ्या. सगळ्यात खालच्या लेव्हलपासून एकेक लेव्हल वाढवत जा आणि प्रत्येक वेळी बुडालेल्या भोकांच्या ओळी कागदावर लिहा. आकडा प्रत्येक पायरीला वाढायला हवा. सर्वांत वरच्या लेव्हललाही पाणी टबाच्या वरच्या बॅलन्स रिंगच्या खालीच थांबायला हवं. मग ड्रेन. पाणी संपल्यावर मशीन रेंगाळत न बसता स्पिनला गेलं पाहिजे. नंतर वरची अर्ध्या तासाची चाचणी पुन्हा एकदा. हे सगळं पॅनेलचे स्क्रू घट्ट करण्याआधी आणि परतीची मुदत संपायच्या आत करा. दोन लेव्हलना पाणी सारखंच भरलं, किंवा रिकाम्या टबात टेस्ट मोडचा आकडा २६ पासून फार दूर असला, तर नळी एकदा काढून पुन्हा लावा. तरीही तेच दिसलं तर तो नग खराब आहे. बोर्डावर संशय घेण्याआधी तो बदलून दुसरा मागवा.